लंबकाचा आलेख वर्गासमोर मांडायला शिकवताना

आलेख वर्गासमोर मांडायच्या आणि त्यावर शेरे द्यायच्या सरावाला अकरावीचा साध्या लंबकाचा प्रयोग उत्तम. 40 ते 100 सेंटिमीटरपर्यंत सात लांबी घ्या आणि प्रत्येक लांबीला 20 आंदोलनांचा वेळ तीनदा मोजून सरासरी काढा.

आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग. मुलं बिंदूला बिंदू जोडत सुटतात, ते आधी थांबवा. पारदर्शक पट्टी ठेवून बिंदूंच्या मधून एकच सरळ रेषा काढायची. चढ 4.03 सेकंद² प्रति मीटरच्या जवळ यायला हवा. रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदत असेल, तर बहुधा लांबीत गोळ्याची त्रिज्या धरायची राहिलेली असते.

सादरीकरण तीन मिनिटांचं. पहिल्याच वाक्यात अक्ष आणि एककं सांगायची, निष्कर्ष त्यानंतर.

ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर दोनच ओळी लिहाव्यात: काय स्पष्ट कळलं आणि काय बदलावं. ‘छान झालं’ चालणार नाही, त्यातून सादर करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘चढासाठी घेतलेले दोन बिंदू फार जवळ आहेत, रेषेवरचे लांबचे घे’ असं नेमकं हवं. शेरा आलेखावर असावा, मुलावर नव्हे. सगळ्या चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत सादर करणाऱ्याने उत्तर देऊ नये. पुढच्या तासाला तोच आलेख सुधारून आणायचा.