सुरंगीचा माग काढताना: विज्ञानाची जुनी पुस्तके इंटरनेटवर कशी शोधावीत

वेंगुर्ल्याच्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडावर सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) दिसू लागतात. या झाडाविषयी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी काय नोंदवले आहे हे पाहायचे असेल, तर केवळ ‘मॅमिया सुरिगा’ हे आजचे शास्त्रीय नाव टाकून भागत नाही. कारण जुन्या ग्रंथांत हेच झाड ऑक्रोकार्पस लाँगिफोलिअस किंवा कॅलिसॅक्सिऑन लाँगिफोलिअम या नावांनी आढळते. म्हणून आधी जुन्या नावांची यादी रोमन लिपीत कागदावर उतरवून घ्यावी. स्थलनामांचेही तसेच आहे: जुन्या इंग्रजीत ‘कोकण’ बहुधा ‘के’ने नव्हे, तर ‘सी’ने सुरू होते.

वनस्पती, मासे, पक्षी असा विषय असल्यास बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या सजीवसृष्टीविषयीच्या जुन्या ग्रंथांच्या ऑनलाइन ग्रंथालयापासून सुरुवात करावी. तेथील यंत्रणा पानांतील मजकुरातून शास्त्रीय नावे वेचून काढते, त्यामुळे एका नावावरून थेट त्या त्या पानांवर जाता येते. डाल्झेल आणि गिब्सन यांचा १८६१ सालचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ, कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला त्याच विषयावरचा ग्रंथ आणि १८८६पासून निघणारे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक ही कोकणासाठी मुख्य साधने आहेत.

इंटरनेट आर्काइव्ह या सर्व विषयांच्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहात नुसते शीर्षक न शोधता आतील मजकुरात शोधण्याचा पर्याय निवडावा. मात्र हा मजकूर यंत्राने ओळखलेला असतो आणि जुन्या छपाईतील लांब ‘एस’ (‘एफ’सारखा दिसणारा ‘एस’) यंत्राला सर्रास ‘एफ’ वाटतो. अशा ग्रंथांतील नागरी अक्षरांपुढे तर ते बहुधा हतबल होते. ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील लॅटिन ग्रंथाच्या (१६७८ ते १६९३, बारा खंड) पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचे कोंकणी प्रमाणपत्र नागरीत छापलेले आहे, आणि चित्रांवरही झाडांची नावे नागरीत कोरलेली आहेत. ती शोधपेटीत सहसा सापडत नाहीत, पाने एकेक करून उलटावीच लागतात. माझ्या मते या शोधातला खरा आनंदही तिथेच आहे.

एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती स्कॅन झालेल्या असल्यास दोन-तीन उघडून पाहाव्यात. रत्नागिरी-सावंतवाडीच्या १८८० सालच्या गॅझेटियरसारख्या ग्रंथाचा घडीचा नकाशा स्कॅन करताना उलगडलाच नाही, असे घडू शकते. अशाच एका नकाशापायी माझी एक संध्याकाळ वाया गेली. हाथीट्रस्ट आणि गूगल बुक्स हे ऑनलाइन पुस्तकसंग्रह भारतातून उघडल्यास पुष्कळदा पूर्ण मजकूर दिसत नाही, तेव्हा तेच पुस्तक अन्यत्र शोधावे. भारतात सामान्यतः लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे इतकी जुनी पुस्तके वाचण्यात सहसा त्याची अडचण नसते.

अखंड खंडाची पीडीएफ बरीच जड असते. पावसाळ्यात गावाकडचे नेटवर्क भरवशाचे नसते. अशा वेळी हवी तेवढीच पाने उतरवून घ्यावीत आणि फाइलच्या नावातच ग्रंथ, खंड, वर्ष व पृष्ठक्रमांक लिहून ठेवावा.