लेझर एन्ग्रेव्हिंगचा माल घेताना शीटचा रेट नको, पीसचा रेट काढा

नेमप्लेट, कीचेन, ट्रॉफी अशी कामं सीओटू लेझरवर (किरणाने कापणारं, कोरणारं मशीन) करणारे बरेचजण दुकानात गेले की पहिलं विचारतात, 8 बाय 4 फुटाची शीट कितीला? मग जिथे पन्नास रुपये कमी तिथून उचलतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तो रेट बाजूला ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या हातात जाणारा एक चांगला पीस कितीला पडला ते काढा, सप्लायर त्यावरच ठरवा.

एक उदाहरण बघा. समजा 3 एमएम अॅक्रेलिकची 8 बाय 4 शीट 2000 ला आली आणि आपल्या मशीनचा बेड (माल ठेवायची जागा) लहान म्हणून दुकानातच 4 बाय 2 फुटाचे चार तुकडे करून घेतले, म्हणजे एक तुकडा 500 चा. नेमप्लेट 12 बाय 8 इंच. कागदावर 12 बसतात, पण दोन पीसच्या मध्ये दोन-अडीच एमएम जागा सोडायचीच असते, त्यामुळे आडवे-उभे फिरवून बसवले तरी 9 च निघतात आणि पीस 55 रुपयांच्या वर जातो. तीच नेमप्लेट पावणेबारा बाय पावणेआठ केली तर 12 आरामात बसतात, पीस 42 च्या आत. पाव इंच कमी केला तर गिऱ्हाइकाला कळतही नाही, तेव्हा रेटवरून घासाघीस करण्याआधी साइज आणि मांडणी बघा, जास्त पैसे तिथेच वाचतात.

आता त्यात जीएसटी, टेम्पो, हमाली, कटिंगचे पैसे आणि खराब जाणारे पीस धरा. मी शंभरात दहा खराब धरतो, नवीन माल असेल तर जास्त. जीएसटी नंबर असेल आणि क्रेडिट मिळत असेल (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या टॅक्समधून वजा होत असेल) तर पक्क्या बिलाचा महाग दिसणारा माल शेवटी स्वस्त पडू शकतो. आणि फोनवर रेट विचारताना "टॅक्स धरून, दुकानापर्यंत पोचवून किती" असंच विचारा, नाहीतर दोन रेटची तुलनाच होत नाही.

सप्लायर नवीन असेल तर आधी फूटभर सँपल मागा, पैसे देऊन का होईना. अॅक्रेलिक कास्ट (साच्यात ओतलेलं) आहे की एक्सट्रुडेड (मशीनमधून दाबून काढलेलं) ते विचारा, कारण कास्टवर एन्ग्रेव्हिंग छान पांढरं उमटतं, एक्सट्रुडेड वितळतं आणि अक्षर फिकट दिसतं. नुसत्या सांगण्यावर जाऊ नका, लेझर मारून बघा. जाडीपण तपासा, 3 एमएमच्या नावाखाली अडीच येतं. फूट बाय फूट खऱ्या 3 एमएम तुकड्याचं वजन कागद काढून साधारण 330 ग्रॅम भरतं, अडीचचं 275 च्या आसपास. किचनचा काटा पुरतो.

प्लायवूडला वजनाने काही कळत नाही, तिथे आतली पोकळी आणि गमाचे (डिंकाचे) डाग त्रास देतात, लेझर अर्धवट कापतो आणि पीस वाया. म्हणून नाजूक कामाला मी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली शीट) घेतो. पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला एक फेरी मारा, समोर शीट बघून घेता येते. 2018 ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून एमडीएफचे मखर खूप बनतात, त्यामुळे गणपतीच्या आधी ऐनवेळी पातळ शीट शोधत फिरू नका, आधीच घेऊन ठेवा, पण पावसाळ्यात भिंतीला उभी करून ठेवू नका, दमटपणाने वाकते आणि मग फोकस सगळीकडे सारखा लागत नाही. सपाट, जमिनीपासून वर ठेवा.

एका बाबतीत मात्र स्वस्त-महाग असा विचारच करायचा नाही. रेक्झिन, फोमशीट किंवा "लेदरसारखंच आहे" म्हणून कोणी देत असेल तर त्यात पीव्हीसी (एक प्रकारचं प्लॅस्टिक) असू शकतं. ते लेझरखाली जळलं की हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू निघतो, छातीला वाईट आणि मशीनच्या रेल, लेन्स सगळं खातो. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, त्या मालाला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर माल परत. हे उघड्यावर करा, चिमूटभर तुकड्यावर.

सप्लायर दोन ठेवा, रोजच्या मालाला एक आणि अडीअडचणीला दुसरा, पण दुसऱ्याकडूनही मधूनमधून थोडं घेत राहा, नाहीतर सीझनला तो आपला फोन कशाला उचलेल. फुटकी शीट बदलून देतो का, रिपीट ऑर्डरला तोच शेड देईल का, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या आणि व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.