विसर की उदासी: घरातल्या वृद्धांना डॉक्टरांकडे नेण्यापूर्वी ठेवायची वही

दवाखान्यात डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ फार तर दहा-पंधरा मिनिटांचा असतो, आणि नेमक्या त्या वेळात आजोबा इस्त्रीचा सदरा घालून, ताठ बसून, "मला काही झालेले नाही, मुलांनी उगाच आणले" असे ठणकावून सांगतात. मुलगा म्हणतो, "हल्ली फार विसरतात." सून काही सांगण्यासाठी तोंड उघडते आणि सासऱ्यांकडे पाहून गप्प बसते. एवढ्याच माहितीवर हा विसर स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) आहे की नैराश्यातून आलेला, हे ठरवणे भल्याभल्या डॉक्टरांनाही अवघड जाते. पुढील टिपण त्या दहा मिनिटांच्या तयारीविषयी आहे: दोन आठवडे घरात काय पाहावे, ते वहीत कसे उतरवावे आणि निदान कळल्यावर काय करावे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवला पाहिजे. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आणि "म्हातारचळ" हा शब्द आपल्या जिभेवर इतके रुळले आहेत, की वृद्धाच्या वागण्यातला कोणताही बदल आपण वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीच्या आधारे स्मृतिभ्रंशाचा जो स्वतंत्र अभ्यास झाला, त्याचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा आहे, की भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. आकडा मोठा आहेच, पण तो उलटा वाचला तर साठी ओलांडलेल्या शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक लोकांना हा आजार नाही. म्हणून विसर दिसला तर "वय झाले" हे उत्तर शेवटी द्यावे, आणि तेही शक्यतो देऊ नये.

वही उघडण्याआधी एक गोष्ट मात्र तातडीने पाहावी. बदल काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत झाला असेल, कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज घरच्यांना ओळखत नसेल, रात्री उठून असंबद्ध बोलत असेल किंवा दिवसभर गुंगीत पडून राहत असेल, तर ज्याला आपल्याकडे "वातात बरळणे" म्हणतात ती ही अवस्था असू शकते. तिच्यामागे लघवीतला संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, नव्याने सुरू झालेली गोळी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असते. अशा वेळी दोन आठवडे थांबून निरीक्षण करणे धोक्याचे असून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला असेल, तर पडल्याचे आवर्जून सांगावे, कारण डोक्याला लागलेला किरकोळ वाटणारा मारही वृद्धांमध्ये कवटीच्या आत सावकाश रक्त साठवू शकतो.

तसे काही नसेल, तर शंभर पानी साधी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर बदल कधी सुरू झाला ते लिहावे. तारीख कोणालाच आठवत नाही, म्हणून सणाचा, लग्नाचा किंवा मृत्यूचा आधार घ्यावा: मागच्या गणपतीत आरत्या पाठ म्हणत होते का, धाकट्या नातीच्या बारशाला कोण कोण आले होते हे सांगू शकत होत्या का, काकांच्या तेराव्यानंतर बदल जाणवू लागला का. या एका पानाला डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोल आहे. नैराश्यातला विसर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उभा राहतो आणि घरातल्यांना त्याची सुरुवात सांगता येते. अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातला, विसर वर्षानुवर्षे इतका हळू सरकतो, की सुरुवात कुठे झाली यावर भावंडांचेही एकमत होत नाही.

त्यानंतरच्या पानांवर रोजच्या पाच कामांची नोंद ठेवावी: पैसे, औषधे, स्वयंपाक किंवा ज्या कामात त्या व्यक्तीचा हात बसलेला आहे ते काम, घराबाहेरची वाट, आणि फोन. "आज विसरले" असे लिहू नये, कारण त्यातून काहीच कळत नाही. जे घडले ते जसेच्या तसे लिहावे. नमुन्यादाखल एक पान असे असू शकेल:

"मंगळवार. सकाळी दूधवाल्याला पाचशेची नोट दिली, परत किती घ्यायचे ते कळेना, मुठीत आले तेवढे घेतले. दुपारी चहा केला, साखर दोनदा घातली. प्यायल्यावर म्हणाल्या, ‘साखरच चांगली नाही हल्लीची.’ संध्याकाळी देवळातून एकट्या नीट परत आल्या. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही विचारल्यावर ‘घेतली’ म्हणाल्या, डबीत तशीच होती. रात्री हरिपाठ न अडखळता म्हटला."

या पानात हरिपाठाची ओळ गाळावीशी वाटेल, पण ती गाळू नये. जे जमते तेही निदानाला तितकेच उपयोगी असते, आणि लहानपणी पाठ केलेले शाबूत राहून सकाळचे पुसले जाणे ही गोष्ट डॉक्टरांना बरेच काही सांगून जाते. तसेच साखरेची सबब नोंदवून ठेवावी. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती पुष्कळदा चूक झाकणारे उत्तर चटकन देते आणि तक्रार घरच्यांची असते, तर नैराश्यातली व्यक्ती स्वतःच तक्रार करते: "माझे डोके चालत नाही, मला काही विचारू नका." प्रश्न विचारला तर ती प्रयत्न करण्याआधीच "माहीत नाही" म्हणते, पण थोडा आधार दिला, पहिले अक्षर सुचवले, की तिला उत्तर आठवते. दिवसाचा कोणता प्रहर जड जातो हेही लिहावे. नैराश्यात पहाटे जाग येऊन सकाळ नकोशी होणे सामान्य आहे. स्मृतिभ्रंशात गोंधळ आणि चिडचिड दिवेलागणीनंतर वाढलेली पुष्कळ घरांत दिसते.

या खुणांनी स्वतः निदान करू नये. मानसोपचारतज्ज्ञ लेस्ली किलोह यांनी १९६१ साली स्मृतिभ्रंशासारख्या दिसणाऱ्या, पण मुळात मानसिक आजारातून आलेल्या अवस्थांवर निबंध लिहिला, तेव्हापासून ‘आभासी स्मृतिभ्रंश’ ही कल्पना रूढ झाली. पुढे मात्र असे दिसले, की उतारवयात पहिल्यांदा आलेले नैराश्य कधी कधी येऊ घातलेल्या स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूल असते, आणि दोन्ही एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. "हे की ते" असा प्रश्न विचारण्याची आपली सवय येथे फारशी कामाची नाही.

मनाची अवस्था नोंदवताना शब्दांकडे लक्ष द्यावे. आपल्याकडचे वृद्ध क्वचितच "मी उदास आहे" म्हणतात. ते म्हणतात, अन्नावरची वासना उडाली, करमत नाही, अंग मोडून आले, जीव उबगला, आता देवाने न्यावे. हे शब्द त्यांच्याच तोंडचे लिहावेत. वृद्धांसाठी १९८० च्या दशकात तयार झालेली, तीस आणि नंतर पंधरा प्रश्नांची एक नैराश्य-मापिका जगभर वापरली जाते. तिची उत्तरे केवळ होय किंवा नाही अशी असतात, आणि तिच्यात झोप, भूक, अंगदुखी यांवर मुद्दाम भर दिलेला नाही, कारण या तक्रारी सत्तरीत नैराश्याशिवायही असतात. त्यामागचा विचार घरातही उपयोगी पडतो. झोप किती लागली यापेक्षा आवडीच्या गोष्टीतला रस गेला का, हे पाहावे: नातवंडाचा फोन आला तरी चेहरा उजळत नाही, भिशीच्या बायका आल्या तरी आतल्या खोलीत बसून राहतात, क्रिकेटचा सामना लावलेला असून डोळे भिंतीकडे लागलेले असतात.

"देवाने न्यावे" हे वाक्य पुष्कळ घरांत सवयीने म्हटले जाते, म्हणून ते कानाआड होते. ते नव्याने किंवा वारंवार येऊ लागले, तर शांतपणे आणि सरळ विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर वही, चाचण्या, ठरलेली वेळ हे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, एकटे सोडू नये, आणि गोळ्यांचा साठा व शेतघरातली कीटकनाशके कुलपात ठेवावीत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

दवाखान्यात जाताना तीन गोष्टी बरोबर घ्याव्यात. पहिली औषधांची पिशवी, आणि तीत केवळ चिठ्ठीवरची औषधे नव्हेत, तर झोपेची गोळी, सर्दीची गोळी, शेजाऱ्यांनी सुचवलेला काढा, वारंवार लघवीसाठी दिलेली गोळी, सगळेच असावे. कारण झोपेची आणि लघवीवरची काही औषधे, तसेच ॲलर्जीची जुनी औषधे वृद्धांची स्मरणशक्ती मंद करतात. दुसरी गोष्ट चष्मा आणि श्रवणयंत्र. कानाचा प्रश्न क्षुल्लक नाही: ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या चौदा कारणांत श्रवणदोष, दृष्टिदोष, नैराश्य आणि एकटेपणा ही चारही आहेत. शिवाय प्रश्न ऐकूच न आलेल्या माणसाचे स्मरणाच्या चाचणीतले गुण कमी भरतात, ते वेगळेच. तिसरी गोष्ट रक्ताच्या जुन्या चाचण्या. जीवनसत्त्व ब-१२ आणि थायरॉइड तपासले आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. पिढ्यान्पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, ब-१२ ची कमतरता वारंवार आढळते व ती भरून काढता येते.

डॉक्टरांना वहीतला सारांश एका पानावर आधीच द्यावा आणि घरातल्या एकाला दोन मिनिटे स्वतंत्र बोलू देण्याची विनंती करावी. वृद्धांच्या तोंडावर त्यांच्या चुकांचा पाढा वाचणे त्यांना अपमानास्पद वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. शिक्षण किती झाले हे न विचारताच सांगावे. १९७५ पासून प्रचारात असलेल्या स्मरण व आकलन तपासणाऱ्या तीस गुणांच्या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करणे, वाक्य लिहिणे, आकृती काढणे असे भाग आहेत, आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजींना ते जमले नाही तर त्याचा अर्थ आजार असा होत नाही. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांना हीच अडचण आली, तेव्हा त्यांनी निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवली; ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आपल्या आजींना १४ तारीख सांगता आली नाही, पण परवा एकादशी आहे हे बिनचूक सांगता आले, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

निदान नैराश्याचे किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे निघाले, तर पुढे काय करावे याचे चांगले उदाहरण गोव्यातले आहे. तेथील प्राथमिक उपचार केंद्रांत येणाऱ्या, साठीपुढील आणि उदासीची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या निम्म्यांना मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी मदत केली. वर्षभरात त्या गटातल्या ९१ पैकी ४ जणांना पूर्ण नैराश्याचा झटका आला. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना आला. प्रयोग लहान आहे आणि तीव्र नैराश्याला तो लागू करता येत नाही, तरी त्यात काय केले ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यातले बरेचसे घरातही करता येते.

त्यात एक भाग अडचणी सोडवण्याचा होता: सगळी दुःखे एकदम न घेता एकच अडचण निवडायची, तिच्यावरचे चार-पाच उपाय मोठ्याने बोलायचे, त्यांतला एक आठवडाभर करून पाहायचा. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला रखडला असेल तर तोच आधी मार्गी लावावा; "मन रमवा" या सल्ल्यापेक्षा त्याने अधिक बरे वाटते. दुसरा भाग झोपेचा, आणि त्याचे नियम साधे असले तरी पाळण्यास कठीण आहेत: रात्र कशीही गेली तरी रोज ठरलेल्या वेळीच उठावे, पेंग आल्याशिवाय अंथरुणावर आडवे होऊ नये, झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे, आणि अंथरुणात काढायचा एकूण वेळच कमी करावा. आपल्याकडे साडेआठला जेवून नऊला वृद्धांना "पडा आता" म्हणण्याची रीत आहे. तिच्यामुळे पहाटे तीनपासून छताकडे पाहत राहणे ओघानेच येते.

निदान स्मृतिभ्रंशाचे असेल, तर वहीचा विषय बदलतो. "ओळखा पाहू मी कोण" हा खेळ आजपासून बंद करावा. उदासी सोबत असल्यास केवळ गोळीवर विसंबू नये: अल्झायमर असलेल्या नैराश्यग्रस्तांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सर्ट्रालीन आणि मिर्टाझापीन ही दोन्ही औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. अर्थात सुरू असलेली गोळी आपल्या मनाने थांबवणे घातक आहे. प्रश्न डॉक्टरांना विचारावा. आणि वहीत आता सांभाळणाऱ्या व्यक्तीचीही नोंद हवी, कारण ती बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी असते आणि तिची झोप कोणी मोजत नाही. गोव्यातच ८१ कुटुंबांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित सल्लागार घरी येऊन बोलत, माहिती देत, आधार देत. त्यातून सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारलेले दिसले. असा सल्लागार प्रत्येक गावात मिळणार नाही, पण आठवड्यातील कोणती दुपार कोणत्या भावंडाची, हे वहीच्या मागच्या पानावर नावानिशी लिहून घेता येते.

निदान काहीही असो, सहा महिन्यांनी पुन्हा तीच पाच कामे, तसाच एक मंगळवार, त्याच तपशिलाने लिहावा, आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावीत. साखर, सुटे पैसे, गोळीची डबी, देवळाची वाट, हरिपाठ: काय टिकले आणि काय सुटले, ते त्यांना तिथेच दिसेल.