बोटीच्या केबिनला डासांची जाळी लावताना या चुका टाळा

ऑगस्ट लागला, बोटी पाण्यात उतरल्या की केबिनच्या दाराला जाळी शिवून मागणारे माझ्याकडे येऊ लागतात. त्यातले निम्मे जण आधी स्वतः लावलेली जाळी फाटली, निघाली किंवा गंजली म्हणून आलेले असतात. चुका वर्षानुवर्षं त्याच. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आधी हे समजून घ्या की डास भर समुद्रात येत नाहीत, खाडीत येतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं हर्णैचं बंदर उघडं, लाटांना आडोसा नाही, त्यामुळे वादळाची सूचना आली की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर जयगडला पळतात. तिथे काठाला कांदळवन. संध्याकाळी खारा वारा पडतो, रात्री जमिनीवरून मतलई सुटते आणि काठावरचे डास बोटीवर येतात. नांगरावरची बोट वाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून उभी राहते. डास मग केबिनच्या मागच्या आडोशाला जमतात, आणि आपलं दार नेमकं तिथेच असतं. उधाणाचं पाणी कांदळवनातल्या खड्ड्यांत साचलं की त्यानंतर आठ-दहा दिवसांनी डासांची नवी फौज तयार. ज्याने तशा दोन रात्री काढल्यात त्याला जाळी का हवी हे सांगावं लागत नाही. ती कशी लावायची, तिथेच घोळ होतो.

चुंबकाचा पडदा

या एका चुकीवर मी कितीही वेळ बोलू शकतो. ऑनलाइन मिळणारा, मधोमध चुंबकाचे तुकडे शिवलेला पडदा घरासाठी उत्तम. माणूस आत गेला की मागे आपोआप चिकटतो. चार पिना मारल्या की काम झालं, म्हणून बोटीवरही लोक तोच लावतात. पण सुकाणू ज्या केबिनमध्ये असतं त्याच केबिनमध्ये होकायंत्रही असतं, आणि बहुतेक बोटींवर ते दाराच्या चौकटीपासून हातभर अंतरावर बसवलेलं असतं.

माझ्या मेव्हण्याच्या बोटीवर हेच झालं. पडदा रात्री सोडायचा आणि दिवसा गोळा करून चौकटीला बांधून ठेवायचा, अशी त्यांची पद्धत. गोळा केला की डझनभर चुंबक एका जागी, तेही होकायंत्राच्या बाजूलाच. त्या फेरीत खाऱ्या पाण्याने वायर खाल्ली आणि जीपीएस बंद पडलं. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, जुना माणूस. म्हणाला, होकायंत्रावर नेतो, काळजी नको. पहाट धुरकट होती. समोर हर्णैचा सुवर्णदुर्ग किल्ला दिसायला हवा होता, तिथे शेजारच्या मुरूड गावाची नारळाची झाडं दिसायला लागली. तांडेलाचा अंदाज चुकला नव्हता, यंत्रच खोटं बोलत होतं. १० अंशांची चूक १२ सागरी मैलांवर २ मैलांची होते. तिथे नशिबाने वाळू होती. खडक असता तर?

बंदरात आल्यावर मी पडदा बांधला आणि सोडला, बांधला आणि सोडला. प्रत्येक वेळी होकायंत्राची चकती हळूच सरकत होती आणि परत येत होती. आम्ही चौघं खाली वाकून बघत होतो, कोणी काही बोलेना. तांडेलाने शेवटी पडदा स्वतःच्या हाताने उपटला.

तुमच्या बोटीवर असा पडदा असेल तर आजच जेटीला बांधलेल्या बोटीत हे करून बघा. चकती एका केसाएवढी जरी हलली तरी पडदा काढा. माझ्याकडे चुंबकाचं काम मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. दोन मिनिटं वाचतात, हे कारण मला पटत नाही.

बाहेर पडू न देणारी जाळी

दुसरी चूक त्याहून वाईट. लाकडी चौकट, तिला बिजागऱ्या आणि बाहेरून कडी. घरातल्या जाळीच्या दारासारखं दिसतं, म्हणून लोकांना आवडतं. बोटीचं दार आधी पळण्याची वाट आहे, मग बाकी सगळं. आत सहा-आठ माणसं झोपलेली असतात. नांगर सरकला, इंजिनातून धूर आला, तर अंधारात, झोपेत, एकाच वेळी सगळे त्या दारावर येतात.

जयगडच्या खाडीत एका रात्री शेजारच्या बोटीचा नांगर सरकला आणि ती आमच्यावर आली. आमच्या केबिनला तेव्हा अशीच कडीची जाळी होती. आतल्या खलाशाने ढकललं, हलेना. दुसऱ्याने लाथ घातली तेव्हा चौकट निघाली आणि तो जाळीत पाय अडकून डेकवर पडला. मनगट मोडलं. पोराचा सगळा हंगाम गेला. त्यानंतर मी घट्ट चौकटीची जाळी एकाही बोटीला लावलेली नाही.

माझी पद्धत साधी. जाळीचा पडदा, वरची कड पट्टीखाली स्क्रूने पक्की, दोन्ही बाजूंना वेल्क्रो आणि खालची कड मोकळी. खालच्या शिवणीत जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या ओवतो, म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. आतून खांदा लावला की उघडलंच पाहिजे. लावून झाल्यावर दिवा बंद करून नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, आत बसवतो आणि बाहेर यायला सांगतो. हाताने चाचपडावं लागलं तर काम पुन्हा करतो.

वेल्क्रो निघतं, कारण तुम्ही घाई करता

नुसतं चिकटवलेलं वेल्क्रो उन्हाने आणि मिठाने महिन्याभरात सुटतं. जागा गोड्या पाण्याने धुवा, सुकू द्या, डिझेलचा तेलकटपणा स्पिरिटने पुसा. मला तरीही गोंदावर भरवसा नाही. चौकटीवरच्या पट्टीला दर अर्ध्या फुटाला स्टेनलेसचा बारीक स्क्रू मारतो आणि जाळीकडची पट्टी शिवतो. स्क्रूच्या भोकात सीलंट भरा, फायबरच्या बोटीतही. आत प्लायवुड असेल तर तेवढ्याशा भोकातून पाणी शिरून ते कुजतं.

सुती दोरा कुजतो, पॉलिस्टरचा घ्या. जुनी मच्छरदाणी कापून लावू नका, हंगामभरही टिकत नाही. लोखंडी जाळी तर नकोच, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्टेनलेसची जाळीही नको. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. पीव्हीसीचा लेप असलेली फायबरग्लासची जाळी घ्या, इंचाला १८ बाय १६ धाग्यांची. डासांना ती पुरते. खाडीतली बारीक चावरी चिलटं तिच्यातून आत येतात. त्यांचा त्रास असेल तर २० बाय २० घ्या, पण वारा कमी येईल हे मान्य करून. रंग काळाच घ्या. पांढऱ्या जाळीवर रात्री दिव्याचा उजेड पसरतो आणि बाहेरचं काही दिसत नाही. बोट चालू असताना मात्र जाळी गुंडाळूनच ठेवा.

माप दाराच्या वर, मध्ये आणि खाली असं तीनदा घ्या, दोन्ही कर्णही मोजा. बोटीचं दार कधीच काटकोनात नसतं, आणि एकदाच मोजून आलेल्या माणसाला मी परत पाठवतो.

जाळी लावली म्हणून आत दार ओढून डासांची अगरबत्ती लावू नका. तो धूर झोपलेल्यांच्या छातीत जातो.

आणि बोटीच्या बाजूला लटकवलेले जुने टायर बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारून वर ओढलेल्या, आणि टायरांत पावसाचं पाणी. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो, खाडीत नाही, आणि तो दिवसा चावतो. म्हणून दुपारी झोपतानाही जाळी सोडलेली हवी. प्रत्येक टायरला खालच्या बाजूने अंगठा जाईल एवढी दोन भोकं पाडा, पाणी थांबणार नाही. ड्रिलने पाच मिनिटांचं काम आहे. जाळी शिवून नेणाऱ्याला मी ड्रिलही देतो, संध्याकाळी परत आणून द्यायच्या बोलीवर.