जुना बिडीवाला जिना चढताना थांबतो? आधी फुंकायची टेस्ट करून घ्या

आमच्या अण्णांनी 35 वर्षं बिडी ओढली. सकाळचा खोकला नि बेडका आम्ही "बिडीचा खोकला" म्हणून सोडून दिला, मग ते बाजारात जायचे बंद झाले, जिना टाळायला लागले, तरी आम्हाला वाटलं वय झालं. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून लिहितेय.

आधी ओळखायचं कसं ते. दम लागतो का असं विचारू नका, तो नाहीच म्हणणार, कारण दम लागणारी कामंच त्याने सोडलेली असतात. त्यापेक्षा बरोबरीच्या माणसासोबत सपाट रस्त्यावर चालवा आणि मागे पडतो का बघा.

धुराने श्वासनळ्या सुजतात, कफ साठतो, आणि फुफ्फुसातले बारीक फुगे फाटत जातात, मग हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही. हाच सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. नुसता एक्स-रे नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका, स्पायरोमेट्री करायला सांगा. त्यात जोरात फुंकायचं असतं, औषधाचा पंप (इनहेलर) देऊन परत फुंकायला लावतात, आणि पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण हवा 0.70 च्या खाली आली तर नळ्या अरुंद झाल्यात. खोकला 2 आठवड्यांच्या वर असेल तर टीबीसाठी थुंकी पण तपासा.

आता पंप. "पंपाची सवय लागते" हे डोक्यातून काढा प्लीज, आमची दोन वर्षं त्यातच गेली. दाबायचा पंप असेल तर आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाचं टोक तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा, सावकाश आत ओढायला लागताच दाबा आणि 10 सेकंद श्वास धरा. हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, घ्या, अण्णांना त्यानेच जमलं. कॅप्सूलमधली पावडर ओढायचा पंप असेल तर उलट, जोरात ओढायचं. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं.

धाप लागली की पुढे वाकून बसवा, नाकाने दोन आकडे श्वास आत, मग शिट्टी वाजवतो तसे ओठ करून चार आकडे हळूहळू बाहेर. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पूर्ण होईना किंवा माणूस गुंगीत जायला लागला तर मात्र वाट बघू नका, सरळ दवाखाना.

आणि बिडी सोडायचीच, "आता सोडून काय उपयोग" हे खरं नाही. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही पण पुढची झीज मंदावते. सोडल्यावर सुरुवातीला खोकला वाढू शकतो, त्याला घाबरून परत पेटवू नका. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोन सेवा (क्विटलाइन) 1800-11-2356 वर फुकट बोलता येतं, निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगमबद्दल डॉक्टरांना विचारा. अण्णांचं जेवणानंतरच्या बिडीवर अडायचं, तेव्हा जेवण झालं की आई त्यांना लगेच अंगणात फेऱ्या मारायला न्यायची.