लिव्हर-ॲक्शन रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला जाताय? काडतूस आणि अंतर ठरवताना या चुका टाळा

अमेरिकेत नोव्हेंबर आला की कपाटातल्या जुन्या थर्टी-थर्टी (.३०-३० काडतुसाच्या लिव्हर-ॲक्शन, म्हणजे ट्रिगरखालचा दांडा पुढे-मागे ओढून काडतूस भरायच्या रायफली) बाहेर निघतात, कुणाची विंचेस्टर ९४ असते तर कुणाची मार्लिन ३३६, आणि मग दुकानात जी पेटी समोर दिसेल ती उचलून लोक जंगलात निघतात. खरी गडबड इथूनच सुरू होते. काडतूस चांगलं, रायफल चांगली, पण पेटीवर छापलेला आकडा हा आपला आकडा नसतो, आणि जखमी होऊन पळालेलं हरीण बऱ्याचदा याच गैरसमजातून पळालेलं असतं.

सगळ्यात आधी टोकदार गोळ्यांचं बोलू, कारण ही चूक हरणाला नाही तर तुम्हालाच महागात पडू शकते. बहुतेक लिव्हर रायफलींत बॅरलखाली ट्यूब मॅगझिन (काडतुसं साठवायची नळी) असतं, त्यात काडतुसं एकामागे एक आडवी बसतात आणि मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाशी ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीवर टेकतं. आता रायफलचा धक्का बसला आणि ते नाक कडक, टोकदार असेल तर तीच गोळी फायरिंग पिनसारखं (प्रायमरला ठोका देणाऱ्या खिळ्यासारखं) काम करू शकते, मॅगझिनमध्येच काडतूस उडू शकतं. म्हणून सपाट किंवा बोथट नाकाच्याच गोळ्या घ्या, एक काडतूस हातात घेऊन नाकावरून अंगठा फिरवा, लगेच कळतं. हॉर्नेडी कंपनीच्या लेव्हरेव्होल्यूशन काडतुसातल्या गोळीचं टोक अणकुचीदार दिसतं पण ते मऊ, दाबलं जाणारं असतं, म्हणून ते ट्यूबमध्ये चालतं, पण तसंच दिसणारं साधं कडक प्लॅस्टिकचं टोक चालत नाही, दोन्हींत गल्लत करू नका. सॅव्हेज ९९, ब्राउनिंग बीएलआर, विंचेस्टर १८९५ यांची मॅगझिन वेगळी असतात, त्यांत टोकदार गोळी चालते.

आता अंतर. थर्टी-थर्टीची १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी गोळी पेटीवर सेकंदाला २२०० फूट दाखवते, पण तो वेग साधारणपणे २४ इंची टेस्ट बॅरलमधला असतो, तुमची कार्बाइन, म्हणजे आखूड बॅरलची रायफल, २० इंची, म्हणजे वेग थोडा कमीच मिळणार. पेटीच्या हिशोबानेही २०० यार्डांवर जेमतेम १००० फूट-पाउंड ऊर्जा उरते, आणि हरणासाठी बरेच शिकारी हाच आकडा खालची मर्यादा धरतात. वेगही तिथे १६०० च्या आसपास आलेला असतो, म्हणजे गोळी नीट फुलेलच याची खात्री कमी. त्यात भर म्हणजे १०० यार्डांना झिरो केलं (नेम आणि गोळी एकाच जागी लागेल अशी साईट जुळवली) असेल तर २०० ला गोळी ८ इंचांच्या आसपास खाली जाते, आणि व्हाइटटेलच्या (इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या) छातीत हृदय-फुप्फुसाचा भागच मुळात साधारण ८ इंचांचा, म्हणजे मधोमध नेम धरला तरी गोळी त्याच्या खालून जाणार. साध्या गोळीला १५० यार्ड हीच हद्द मानावी असं माझं स्पष्ट मत आहे. लेव्हरेव्होल्यूशनची १६० ग्रेनची मऊ टोकाची गोळी २०० पर्यंत नेता येते, १०० ला ३ इंच वर लागेल असं झिरो केलं की २०० ला ती जवळपास नेमावर येते, पण तुम्ही तिथे नेम धरू शकता का हा प्रश्न उरतोच. आणि १५० ग्रेन की १७० यावर तासन्‌तास वाद घालू नका, हरणासाठी दोन्ही पुरतात.

नेमाबद्दल एक गोष्ट करून बघा. बॅरलच्या टोकाकडच्या साईटवरचा बीड (नेम धरायचा गोल मणी) १/१६ इंचाचा असेल तर डोळ्यापासूनच्या त्याच्या अंतराचा हिशोब केला की १०० यार्डांवर तो सुमारे ७ इंच झाकतो. म्हणजे जिथे गोळी लागायला हवी ती जागा बीडच गिळून टाकतो! २०० ला तर काय, दुप्पट. पीप साईट (डोळ्याजवळची बारीक भोकाची साईट) लावली तर खूप फरक पडतो.

माझ्या एका मित्राने १५० ग्रेनने झिरो केलं आणि सीझनला दुसऱ्या कंपनीची १७० ग्रेनची पेटी भरली, नंतर रेंजवर बघितलं तर गोळ्या चार इंच खाली पडत होत्या. ज्या काडतुसाने शिकार करणार त्यानेच झिरो करा आणि थंड बॅरलमधली पहिली गोळी कुठे लागते ते लिहून ठेवा, जंगलात तीच कामाची. झिरो करताना बॅरल बाकावर टेकवू नका, पुढचं लाकूड टेकवा, नाहीतर नेम सरकतो.

.४५-७० या जाड, जुन्या काडतुसाच्या रायफलवाल्यांनी तर जास्तच जपावं. १८७३ च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डला सोसेल असं हलकं काडतूसही याच नावाने मिळतं आणि फक्त आजच्या मजबूत रायफलींना चालणारं जबर काडतूसही, तेव्हा पेटीवरची सूचना वाचल्याशिवाय जुन्या बंदुकीत काही घालू नका. ४०५ ग्रेनची साधी गोळी १०० ला झिरो असेल तर २०० ला जवळजवळ दोन फूट खाली जाते. .४४ मॅग्नम रायफलमधून १०० यार्डांपर्यंतच ठीक.

कायदाही बघा. ओहायोसारख्या काही राज्यांत हरणासाठी सरळ भिंतीचीच (केस बुडापासून तोंडापर्यंत सरळ असलेली) काडतुसं चालतात, आणि थर्टी-थर्टीला मान असते, म्हणजे केस तोंडाशी बाटलीसारखं अरुंद होतं, त्यामुळे ती तिथे बाद. २०२३ मध्ये आलेलं .३६० बकहॅमर काडतूस अशाच राज्यांसाठी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिथे शिसं नसलेली, बहुतेकदा तांब्याची घ्यावी लागते, तीसुद्धा ट्यूबमध्ये चालेल अशा नाकाची.

मग आपलं अंतर ठरवायचं कसं? ८ इंची कागदी प्लेट लावा, बाक नको, गुडघ्यावर किंवा झाडाला टेकून ५० यार्डांवरून पाच गोळ्या मारा, मग ७५, मग १००. ज्या अंतरावर पाचही प्लेटमध्ये बसतात तेच तुमचं अंतर, मग काडतूस कितीही लांब जात असो.

आणि लिव्हर अर्धवट ओढू नका. पहिली गोळी सुटली की घाईत हात अर्ध्यावरून परत येतो, मग रिकामं केस बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस अडकतं. रायफल खांद्यावरच ठेवून लिव्हर पूर्ण पुढे, पूर्ण मागे, रेंजवर रिकाम्या रायफलने हीच सवय करा. घरी परतताना काडतुसं काढली तरी ट्यूबमध्ये एखादं अडकून राहू शकतं, म्हणून ट्रिगरपासून बोट लांब ठेवून लिव्हर उघडा, चेंबर (बॅरलच्या मागची काडतूस बसायची जागा) बघा आणि लोडिंग गेटमधून (बाजूच्या काडतूस भरायच्या झडपेतून) बोट घालून मॅगझिनचा फॉलोअर, म्हणजे काडतुसं पुढे ढकलणारा तुकडा, हाताला लागतो का ते तपासा.