पिनबॉल मशीनचे जळके कनेक्टर: नुसतं हाउसिंग बदलून भागत नाही

विल्यम्स आणि बॅली या नावांनी १९९० ते १९९५ दरम्यान निघालेल्या डब्ल्यूपीसी (विल्यम्स पिनबॉल कंट्रोलर) मशीनचे प्लेफील्डवरचे, म्हणजे खेळायच्या फळीवरचे, दिवे अर्धेच लागत असतील, किंवा बॅकबॉक्सवर, म्हणजे मागच्या उभ्या पेटीवर, थाप मारली की लागत असतील, तर बल्ब बदलत बसू नका. बॅकबॉक्स उघडून पॉवर ड्रायव्हर बोर्डावरचे जे-१२० आणि जे-१२१ हे कनेक्टर बघा. सतत पेटणाऱ्या दिव्यांचा, म्हणजे जीआयचा, करंट यांतून बाहेर जातो. ट्रान्सफॉर्मरकडून तो आत येतो जे-११५ मधून. तिथलं पांढरं प्लास्टिक तपकिरी किंवा काळं पडलेलं दिसेल.

कनेक्टर का जळतो, हे आधी समजून घ्या. हे दिवे ६.३ व्होल्ट एसीवर चालतात. ४४ किंवा ५५५ नंबरचा बल्ब २५० मिलिअँपिअर खातो. एका माळेवर १८ बल्ब धरले तर एका पिनेतून साडेचार अँपिअर. कॉन्टॅक्ट चांगला असेल तर एवढा करंट सहज पेलतो. पण पिनेचा मुलामा झिजून तिथे ०.१ ओहम रोध आला, तर त्या टिचभर जागेत दोन वॉट उष्णता तयार होते. उष्णतेने टर्मिनलची, म्हणजे तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या पकडीची, स्प्रिंग सैल पडते आणि पिन आणखी काळवंडते. मग रोध वाढतो, त्याने उष्णता आणखी वाढते. कारखान्यातून आलेली हाउसिंग (तारांच्या टोकाची प्लास्टिकची घरं) आयडीसी प्रकारची, म्हणजे तार न सोलता पात्याच्या खाचेत दाबलेली. तिथे तारेला स्पर्श फक्त खाचेच्या कडांचा, त्यामुळे तीही जागा तापते.

म्हणून हाउसिंग आणि बोर्डावरचा हेडर, म्हणजे पिनांची पट्टी, दोन्ही एकाच वेळी बदलायचे. जळक्या पिनेवर नवं टर्मिनल बसवलं तर तेही लवकरच काळं पडतं. पिना पॉलिश पेपरने घासणं त्याहून वाईट. वरचा कथलाचा मुलामा निघून जातो आणि खालचा धातू झपाट्याने गंजतो.

सामान: ०.१५६ इंच, म्हणजे ३.९६ मिमी अंतराचा हेडर, तेवढ्याच पिनांचं क्रिंप (तारेवर दाबून बसवायच्या टर्मिनलचं) हाउसिंग, की-प्लग आणि १८ गेज तारेला बसणारी ट्रायफरकॉन टर्मिनल. ट्रायफरकॉन पिनेला तीन बाजूंनी पकडतं, साधं एकाच बाजूने. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर याच अंतराचे ‘रेलिमेट’ कनेक्टर मिळतात, पण त्यांची टर्मिनल बहुतेक एका बाजूने पकडणारी असतात. जीआयसाठी ती घेऊ नका, ट्रायफरकॉन मागवून घ्या. क्रिंपिंगचं रॅचेट हत्यारही हवंच. पकडीने दाबलेलं टर्मिनल दिसायला बरं दिसतं, पण तापतं.

मशीनचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. डिस्प्लेच्या बोर्डावर १०० व्होल्टच्या घरातला पुरवठा असतो, म्हणून पाचेक मिनिटं थांबा. मग प्रत्येक कनेक्टरचा फोटो घ्या आणि त्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवा. जे-१२०, जे-१२१ वरच्या तारा रंगांवरून ओळखता येतात. जे-११५ मध्ये मात्र जवळजवळ एकाच रंगाच्या तारा येतात, तिथे फोटोशिवाय हात लावू नका.

बोर्ड काढून बाकावर घ्या. जुना हेडर अखंड उपसायला जाऊ नका. प्लास्टिक कटरने फोडून काढा, म्हणजे पिना सुट्या होतील. प्रत्येक जोडावर थोडं ताजं सोल्डर घाला, ३५० अंशांच्या आसपास तापवा आणि सोल्डर वितळल्यावर पिन अलगद ओढा. जोर लावावा लागत असेल तर ती अजून सुटलेली नाही. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना ट्रेस, म्हणजे तांब्याच्या वाटा, आहेत. भोकातलं तांब्याचं अस्तर पिनेबरोबर बाहेर आलं, तर वरचा आणि खालचा ट्रेस तुटतो. भोकं सोल्डर ओढणाऱ्या पंपाने आणि विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) साफ करा. बोर्डाचा कोळसा झालेला भाग खरवडून काढा, कारण कोळशातून करंट झिरपतो.

नवा हेडर बसवण्याआधी जिथे जुन्या हेडरला पिन नव्हती (म्हणजे की-ची जागा) तिथली पिन कापून टाका. सोल्डर केल्यावर मल्टीमीटरच्या बीपने दोन्ही बाजूंचे ट्रेस तपासा. बीप आला नाही तर खालून १८ गेजची तार टाका.

हाउसिंगमध्ये एका वेळी एकच तार हलवा. तार कापून साल काढली की तांबं चकचकीत दिसलं पाहिजे. काळं असेल तर आणखी मागे कापा. तार अपुरी पडली तर त्याच जाडीचा तुकडा सोल्डरने जोडून वर हीटश्रिंक चढवा, आणि सगळे जोड एका रेषेत येऊ देऊ नका, नाहीतर तारांच्या जुडीला गाठ येते. साडेतीन मिमीच्या आसपास सोला. टर्मिनलचे पुढचे कान तांब्यावर आणि मागचे कान सालीवर बसले पाहिजेत. पुढचे कान सालीवर बसले तर कॉन्टॅक्टच मिळत नाही, आणि ही चूक वरून बघून कळत नाही. क्रिंपवर सोल्डर ओतू नका, तार तिथे कडक होऊन हादऱ्यांनी मोडते. टर्मिनल ‘टक्’ आवाज करून अडकलं की तार ओढून बघा. रिकाम्या घरात की-प्लग घाला, म्हणजे कनेक्टर एक घर सरकून बसणार नाही.

जीआयचे फ्यूज ५ अँपिअरचे स्लो-ब्लोच (उशिराने उडणारेच) ठेवा. सारखा उडतो म्हणून १० चा घातलेला अनेक मशीनमध्ये सापडतो. तसं केलं की फ्यूजच्या आधी कनेक्टर जळतो.

दिवे लावून मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक बोर्डामागे पिनेच्या सोल्डरवर, दुसरं हाउसिंगच्या मागून त्याच टर्मिनलच्या क्रिंपवर. प्रोब शेजारच्या पिनेला टेकू देऊ नका. १० मिलिओहमचा कॉन्टॅक्ट असेल तर साडेचार अँपिअरला ४५ मिलिव्होल्ट दिसतात. शंभराच्या पुढे आकडा गेला तर क्रिंप नव्याने करा. अर्धा तास चालल्यावर मशीन बंद करून हाउसिंगला बोट लावा. कोमट चालेल, पण बोट ठेवता येत नसेल तर काम नीट झालेलं नाही.

जिथे ४४ नंबर आहेत तिथे ४७ नंबरचे बल्ब लावले तर प्रत्येकी १५० मिलिअँपिअर, म्हणजे माळेचा करंट साडेचारवरून २.७ वर येतो. उष्णता करंटच्या वर्गाने बदलत असल्याने ती जवळजवळ एक तृतीयांश उरते. उजेड थोडा कमी पडतो, बहुतेकांना तो खटकत नाही. एलईडीने करंट आणखी खूपच कमी होतो, पण या मशीनमध्ये दिवे मंद करायला ट्रायॅक (एसी करंट चालू-बंद करणारे भाग) आहेत आणि मंद करताना साधे एलईडी लुकलुकतात.